दर पावसाळ्यानंतर तीच घरघर: जुनी फोर बाय फोर दुरुस्त करायची की बदलायची?

लक्षणं आधी सांगते, म्हणजे तुमच्या गाडीचा आजार हाच आहे का ते लगेच कळेल.

वेग साठच्या वर गेला की मागून घरघर येते आणि ॲक्सिलरेटर सोडला की तिचा सूर बदलतो. रिव्हर्समधून पहिल्या गिअरला येताना खालून ‘खट्ट’ आवाज होतो. फोर हायमध्ये (चारही चाकांना ताकद देणारा, नेहमीच्या वेगाचा टप्पा) टाकलेला लिव्हर परत निघत नाही, किंवा डॅशवरचा दिवा लागतो पण पुढची चाकं ओढत नाहीत. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला तेलकट ओल दिसते. गाडीखाली हात फिरवला की तपकिरी पापुद्रे हाताला येतात. गॅरेजवाला म्हणतो, ‘खोलून बघायला लागेल.’ घरचे म्हणतात, ‘आता पुरे, विकून टाक.’

यातली तीन-चार लक्षणं एकत्र असतील तर पुढचं वाचा. एखादंच असेल तर बहुधा काम किरकोळ आहे, गाडी बदलायचा विचार आत्ता करूच नका.

मी ऐरोलीत राहते, खाडीच्या अगदी जवळ. आमची डिझेल फोर बाय फोर बाबांनी घेतलेली. मुरबाडच्या पुढे टोकावड्याकडे आमची थोडी शेती आहे, तिथे शेवटचा दीड किलोमीटर जून ते ऑक्टोबर नुसता चिखल असतो. गेल्या अकरा वर्षांत हा आजार मी आमच्या गाडीत चार वेळा आणि भाऊ, मामा, शेजारी धरून आणखी सहा गाड्यांत हाताळला आहे. मी मेकॅनिक नाही. पण प्रत्येक वेळी गाडीखाली मिस्त्रींच्या बाजूला मी होते, आणि खर्चाची वही माझ्याकडे आहे.

मामाच्या गाडीची हकिगत आधी सांगते, कारण खालचा सगळा क्रम तिच्यामुळे ठरला. मामाने इंजिनवर ६८,००० रुपये घातले. पिस्टन, रिंगा, हेडचं काम, सगळं नीट झालं. तीन महिन्यांनी ग्रीसिंगला गाडी उचलायला घेतली तर मिस्त्री हळूच म्हणाले, ‘ताई, इंजिन कडक झालंय, पण जॅक लावू कुठे? जागाच उरली नाही.’ मागच्या पाट्यांचा (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगचा) शॅकल, म्हणजे झुलता जोड, जिथे चेसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, बसतो, तिथलं लोखंड बिस्किटासारखं चुरत होतं. आठ महिन्यांत गाडी भंगारात गेली. मामा त्या दिवशी जेवला नाही. इंजिन बदलता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो, क्राउन-पिनियन (चाकं फिरवणाऱ्या दातेरी चक्रांची जोडी) जुनं आणून बसवता येतं. चेसिस कुजली की गाडी संपली. म्हणून मोठा खर्च करण्याआधी चेसिस बघायची, हा या लेखातला एकमेव न मोडण्यासारखा नियम आहे.

पहिली तपासणी: कागद आणि वही (खर्च शून्य)

आरसीवरची वैधतेची तारीख बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्यासाठी फॉर्म २५ भरायचा, मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत अर्ज करायचा आणि गाडी आरटीओत तपासणीला न्यायची. ठाण्याची एमएच-०४, वाशीची एमएच-४३, पनवेलची एमएच-४६, कुठलीही असली तरी नियम तोच. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या मोटारीचं हे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं आणि २० वर्षांपुढे ते आणखी वाढतं. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागते, तीही बसवून घ्या. दिल्लीतला १० वर्षांच्या डिझेल गाडीचा नियम तिथल्या राजधानी परिसरापुरता आहे. तो आपल्याकडे लागू आहे असं सांगून गाडी स्वस्तात मागणारे दलाल मला दोनदा भेटले.

हे आधी का बघायचं? नूतनीकरण चार महिन्यांवर असेल तर ब्रेक, लाइट, धूर आणि चेसिस नंबर हे सगळं तपासनीसासमोर जाणार आहे. मग आजचा खर्च आणि तेव्हाचा खर्च एकाच हिशेबात धरायला हवा.

वहीत मागच्या तीन वर्षांच्या दुरुस्त्या लिहून काढा, पावत्या नसतील तर आठवून. टायर, बॅटरी, क्लच प्लेट, ब्रेक शू ही झीज आहे, ती नव्या गाडीलाही असते. ती वेगळी ठेवा. एकच भाग दोनदा बदललेला दिसला तर त्याखाली लाल रेघ मारा. आमच्या वहीत मागच्या एक्सलचं ऑइल सील १४ महिन्यांत तीनदा आलं होतं. सील वाईट नव्हतं, रोग दुसरीकडे होता. तो पुढे येतो.

दुसरी: टायर आणि लिव्हर (एक खडू, एक टेप)

फोर हायचा लिव्हर अडकतो म्हणून ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) खोलायला निघालेले दोन जण मी थांबवले आहेत. जुन्या गाड्यांतली बहुतेक फोर बाय फोर ‘पार्ट टाइम’ असते, म्हणजे पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मध्ये डिफरन्शियल (दोन बाजूंना कमी-जास्त वेगाने फिरू देणारी यंत्रणा) नसतं. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात टायर घसरून तो फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर घसरायला वाव नसतो, मग तो पीळ शाफ्टमध्ये साठत जातो. स्टेअरिंग जड होतं, गाडी अडखळते आणि लिव्हर दातांत आवळला जातो. सरळ रेषेत पाच-दहा मीटर रिव्हर्स घ्या, पीळ सुटतो आणि लिव्हर अलगद निघतो. ही गाडीची खोड नाही, रचना आहे. घोडबंदरच्या कोरड्या रस्त्यावर ‘आज पाऊस येईल’ म्हणून फोर हायमध्ये जाऊ नका.

टायरची गोलाई वेगवेगळी असली तरी हाच पीळ तयार होतो. चारही टायरवर जमिनीला टेकतो तिथे खडूची खूण करा, गाडी चाकाच्या एका पूर्ण फेरीइतकी पुढे ढकला आणि जमिनीवरचं अंतर मोजा. आमच्या शेजाऱ्यांनी मागे दोन नवे टायर टाकले होते, पुढचे जुने, वर कंपनीही वेगळी. फरक चार सेंटिमीटर निघाला. टायर सारखे केल्यावर त्यांचा ‘ट्रान्सफर केसचा प्रॉब्लेम’ राहिलाच नाही.

पुढची चाकं ओढतच नसतील तर आधी हब, म्हणजे चाकाला शाफ्टशी जोडणारे मधले भाग, बघा. जिप्सीसारख्या गाड्यांत हब हाताने फिरवून लॉक करावे लागतात. वर्षभर न फिरवल्याने ते आतून सुकतात, आणि अनेकदा एकच लॉक झालेला असतो. काही गाड्यांत हब व्हॅक्यूमवर चालतात, त्यांची रबरी नळी उन्हाने तडकते आणि शंभर-दोनशे रुपयांच्या नळीपायी लोक हजारोंचं काम काढतात. बटणावर चालणारी फोर बाय फोर असेल तर फ्यूज, रिले आणि शिफ्ट मोटरचा कनेक्टर तपासा. खाडीच्या हवेत कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात. वायर ब्रशने आणि कॉन्टॅक्ट क्लीनरने त्या साफ होतात.

महिन्यातून एकदा मातीच्या मैदानावर फोर हाय आणि फोर लोमध्ये (हळू, पण जास्त ताकदीचा टप्पा) दोन-तीनशे मीटर गाडी चालवा. आतलं तेल फिरतं, काटे मोकळे राहतात. एवढं केलं असतं तर माझ्या वहीतल्या दहापैकी निदान तीन नोंदी झाल्याच नसत्या.

तिसरी: एक्सलचं ऑइल आणि ब्रीदर

दर पावसाळ्यानंतर परत येणारी घरघर बहुतेक वेळा इथे सापडते, म्हणून इथे थोडी थांबते.

चालून चालून एक्सलचं हाउसिंग तापतं. तापलेली गाडी साचलेल्या पाण्यात शिरली की हाउसिंग एकदम थंड होतं, आतली हवा आकसते आणि बाहेरून काहीतरी ओढून घेते. ती हवा वरच्या ब्रीदरमधून, म्हणजे हवा ये-जा करायच्या छोट्या तोंडातून, आत यायला हवी. ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल तर एक्सल सीलच्या कडेने पाणी ओढतो. आपल्याकडे भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आले की पाणी उतरायला जागा नसते. नवी मुंबई वसवताना धारण तलाव करावे लागले ते याचसाठी. खाडीचं पाणी त्यात मिसळलेलं असेल तर ते खारं असतं, आणि खारं पाणी बेअरिंग फार लवकर खातं.

आमच्या तीन सीलांचं रहस्य हेच होतं. ब्रीदर बुजलेला, मग गाडी तापली की आतला दाब सीलमधून तेल बाहेर ढकलायचा आणि पाण्यात गेली की सीलमधून पाणी आत घ्यायचा. ब्रीदर साफ करून त्याला लांब रबरी नळी जोडली आणि ती वर बॉडीपर्यंत नेऊन बांधली. खर्च ३५० रुपये. त्यानंतरच्या पाच पावसाळ्यांत सील बदललेलं नाही.

ऑइल बघताना गाडी सपाट जागी घ्या, चाकांना दोन्हीकडून दगड लावा आणि आधी वरचा भरायचा बोल्ट सोडवा. खालचा आधी सोडलात, तेल सांडून गेलं आणि मग वरचा गंजलेला बोल्ट निघालाच नाही, तर गाडी जागेवर अडकते. तेल काळपट पण स्वच्छ असेल तर ठीक. चहासारखं दुधाळ असेल तर पाणी गेलंय. बोटांवर चमकी दिसली तर धातू झिजतोय. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर काजळासारखा बारीक लेप असणं नेहमीचं आहे. टोकदार तुकडे दिसले तर दात तुटलेत, गाडी चालवणं तिथेच थांबवा.

दुधाळ तेल काढून नवं भरा, शंभर किलोमीटर चालवा आणि परत काढून बघा. दोन वेळचं तेल नव्या क्राउन-पिनियनपेक्षा खूप स्वस्त आहे. ग्रेड गाडीच्या पुस्तकात बघूनच घ्या. डिफरन्शियलला साधारण जीएल-५ लागतं, पण काही गिअरबॉक्सना जीएल-४ सांगितलेलं असतं आणि तिथे चुकीचं तेल पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाही. ‘सगळीकडे एकच चालतं’ म्हणणाऱ्या काउंटरवरून तेल घेऊ नका.

तेल बदलूनही घरघर राहिली तर व्हील बेअरिंग ऐका. रिकाम्या रस्त्यावर हलकेच डावी-उजवीकडे झुकवल्यावर आवाज कमी-जास्त झाला तर बेअरिंगचा संशय घ्या. वळणाशी संबंध नसेल, पण ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की सूर बदलत असेल, तर क्राउन-पिनियनकडे बघा.

चौथी: खट्ट आवाज

हे लवकर उरकतं. प्रॉपेलर शाफ्टचे (ताकद एक्सलपर्यंत नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे टोकांचे सांधे, हाताने वर-खाली आणि पिळून बघा. ढिले असतील तर बदला, नसतील तर ग्रीस भरा. पाट्यांचे बुश आणि शॅकल पिना बघा. क्रॉसभोवती लालसर भुकटी दिसली तर आतलं ग्रीस संपलंय. हे काम ठाण्या-नवी मुंबईतलं कुठलंही बरं गॅरेज एका दिवसात करतं. जुने सुटे भाग हवे असतील तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळतात, पण क्रॉस, बेअरिंग आणि ब्रेकचे भाग जुने कधीही घेऊ नका.

पाचवी: चेसिस

वर म्हटलं तेच परत: इंजिन किंवा गिअरबॉक्स खोलायला होकार देण्याआधी हे करा. हत्यारं तीन, छोटी हातोडी, जुना पेचकस आणि टॉर्च. गाडी रॅम्पवर किंवा सर्व्हिसिंगच्या लिफ्टवर घ्या. फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका, अगदी मिनिटभरही नाही. खाली लोखंडी स्टँड हवेतच.

आधी पाण्याने चिखल धुवा आणि दोन दिवस सुकू द्या. मग हातोडीने हलके ठोकत जा. चांगलं लोखंड ‘टण’ वाजतं, कुजलेलं ‘थप्प’. जिथे ‘थप्प’ ऐकू आलं तिथे पेचकस दाबा. नुसते पापुद्रे निघून खाली घट्ट लोखंड लागलं तर तो वरवरचा गंज, घासून प्रायमर आणि रंग मारून थांबवता येतो. पेचकस आत गेला तर भोक पडलेलंच होतं, रंगाने झाकलेलं.

जागा ठरलेल्या आहेत: मागच्या पाट्यांचे दोन्ही टोकांचे माउंट, मागच्या चाकांवरची कमान, बॉडी चेसिसवर बसते ते माउंट, आडव्या पट्ट्यांचे जोड, स्टेअरिंग बॉक्स जिथे बोल्ट होतो ती जागा, आणि बंद पेटीसारख्या भागांचा तळ, कारण चिखल आत जातो आणि निचऱ्याची भोकं बुजली की वर्षभर ओला राहतो. अलिबाग-रेवदंड्याच्या वाळूत एकदाही गाडी घातली असेल तर या जागा दुप्पट वेळ घेऊन बघा. मीठ एका धुण्यात जात नाही.

एक घरगुती खूण आहे. एक मागचं चाक फुटपाथच्या कडेवर चढवा आणि दारं उघडून लावून बघा. सपाटीवर नीट लागणारं दार इथे खूपच अडखळत असेल तर चेसिस किंवा बॉडी माउंट ढिले झाल्याचा संशय घ्या. हा पुरावा नाही, पण पुढे बघायचं कारण नक्की आहे.

चेसिस नंबरचा ठसा वाचता येतो का तेही बघा. गंजाने तो खाल्ला असेल तर नूतनीकरणाला आणि विक्रीला दोन्हीकडे अडचण येते. स्वतः कोरून दुरुस्त करायला जाऊ नका, आरटीओलाच विचारा.

आणि जुनी गाडी विकत घेताना खालून ताजा काळा अंडरकोट चकाकत असेल तर खूश होऊ नका. विक्रेत्यासमोर पेचकस काढा. तो नाही म्हणाला तर परत या.

सहावी: इंजिन

इंजिन मी मुद्दाम शेवटी ठेवलं आहे. सकाळी थंड इंजिन सुरू करून धूर बघा. निळा म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. गाडी गरम झाल्यावरही न थांबणारा पांढरा धूर आणि सोबत कमी होणारं कूलंट, म्हणजे हेड गॅस्केट. काळ्या धुराला आधी एअर फिल्टर बदला, तो स्वस्त आहे. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून ठेवलं की ते जोरात उडत असेल, वाफा भसाभसा येत असतील, तर रिंगा गेल्या असण्याची शक्यता आहे. त्यावर अंदाजाने बोलू नका, कॉम्प्रेशन टेस्ट करून आकडे कागदावर घ्या. पेट्रोल गाडी असेल तर इंधनाच्या जुन्या रबरी नळ्या तपासा, २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी त्या बनवलेल्या नव्हत्या.

इथे हात थांबवा

ब्रेक पेडल खाली जातंय किंवा स्पंजासारखं लागतंय, तर गाडी चालवून गॅरेजला नेऊ नका, टो करा. स्टेअरिंग बॉक्स किंवा पाट्यांच्या माउंटजवळ तडा दिसला, तरी तेच. डिझेल किंवा पेट्रोल गळत असेल तर इंजिन सुरू करू नका. डिफरन्शियल स्वतः उघडू नका. क्राउन आणि पिनियनमधली फट शिमने (पातळ चकत्यांनी) आणि डायल गेजने मोजून बसवावी लागते, केसभर चुकली तरी नवा सेट काही हजार किलोमीटरमध्ये घरघरायला लागतो. ‘अंदाजाने बसवतो’ म्हणणाऱ्याकडे गाडी ठेवू नका. कॉमन रेल डिझेलच्या चालू इंजिनवर इंजेक्टरच्या नळ्या सोडवू नका, आतल्या डिझेलला इतका दाब असतो की ते कातडीतून आत शिरतं.

चेसिसवर पत्र्याचा पॅच मारून घ्यायला गल्लीत कोणीही तयार होईल. आडव्या पट्टीवरचं छोटं भोक चांगला फॅब्रिकेटर दुरुस्त करतो. पण पाट्यांचा किंवा स्टेअरिंगचा माउंट कुजला असेल तर पॅच कुजलेल्या लोखंडालाच जोडला जातो आणि बाजूने फाटतो. अशा वेळी आधी चेसिसचं काम रोज करणाऱ्याचं मत घ्या. त्याने हात वर केले तर त्याचं ऐका.

मग हिशेब

लोक दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाशी तोलतात. ‘दोन लाखांच्या गाडीवर सव्वा लाख कशाला?’ मी वेगळा हिशेब करते: वर्षाला किती पडतं. चेसिस धडधाकट असेल आणि सव्वा लाखात गाडी पाच वर्षं चालणार असेल, तर वर्षाला २५,००० पडले. नव्या गाडीचा हप्ता महिन्याला २०,००० धरला तर वर्षाला २,४०,००० होतात. याउलट चेसिस दोन वर्षांची सोबती असेल, तर ४०,००० ची दुरुस्तीही महाग आहे.

या हिशेबात न बसणारी गोष्ट सुरक्षेची. नव्या मोटारींना एप्रिल २०१९ पासून एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. त्याआधीच्या कित्येक फोर बाय फोरमध्ये दोन्ही नाहीत आणि ते नंतर बसवून मिळत नाहीत. रोज लहान मुलांना घेऊन ठाणे-बेलापूर रस्त्याने जाणारी हीच एक गाडी घरात असेल, तर चेसिस कितीही चांगली असो, मी बदला म्हणेन. माझ्या भावाला तेच सांगितलं, आणि त्याने बदलली. आमची गाडी आठवड्यातून एकदा शेतावर जाते, म्हणून ती आहे.

मागच्या वर्षात फोर हाय खरोखर किती वेळा लागलं तेही वहीत लिहा. दोनदापेक्षा कमी असेल तर पुढची गाडी साधी टू व्हील ड्राइव्ह घेतली तरी चालेल.

भंगारात काढायचं ठरलं तर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्या आणि ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’ (गाडी जमा केल्याचा दाखला) हातात घेतल्याशिवाय निघू नका. नवी खासगी गाडी घेताना त्यावर मोटार करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे. प्रत्यक्षात किती मिळेल ते नवी गाडी बुक करण्याआधी आरटीओत विचारा. नोंदणी रद्द झाल्याची खात्री करा, फास्टॅग बंद करा आणि विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र घ्या. तो बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो, जास्तीत जास्त ५० टक्के, आणि नव्या गाडीच्या विम्यावर वापरता येतो. मामाने ते पत्र घेतलं नव्हतं.